मैदानाला गेटपास नसतो

सिविक सेंटर, भिलाई
मे २०२६

चि. सोनूस,


तुझा व्हॉइस मेसेज मी तीनदा ऐकला. पहिल्यांदा नुसत्या आनंदात. फुटबॉल वर्ल्डकपची दोन तिकिटं मिळाल्याचं सांगताना तुझा आवाज दहावीचा निकाल सांगताना झाला होता तसा झाला होता. दुसऱ्यांदा ऐकला तो तुझ्या बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या त्या इक्वाडोरच्या काकांसाठी. २५ जूनला न्यू जर्सीत इक्वाडोर आणि जर्मनीचा सामना. दुसरं तिकीट तू खास त्यांच्यासाठी घेतलंस आणि त्यांनी ते तुझ्या हातात परत ठेवलं. "टीव्हीवर बघेन," म्हणाले. तिसऱ्यांदा ऐकला तो तुझ्या शेवटच्या वाक्यासाठी. "आत्या, आपल्याला कसली भीती? आपले कागद पक्के आहेत."

त्या वाक्यापाशी मी आठ दिवस अडकून पडले आहे. तुझ्यावर रागावले नाही रे. परक्या मुलखात एकटा राहणारा मुलगा स्वतःला धीर द्यायला असं बोलतो, हे मला कळतं. पण हे वाक्य तुझ्या एकट्याचं नाही. एडिसनपासून कोथरूडपर्यंत आपल्या कितीतरी घरांत ते रोज बोललं जातं. म्हणून हे पत्र तुला लिहितेय आणि उघडंच ठेवतेय. ज्यांची मुलं, सुना, जावई तिकडे आहेत, त्यांनीही ते वाचावं.

लिहायला बसले आहे सिविक सेंटरच्या बाकावर. ऊन उतरलं की अजूनही रोज इथे येते. तू लहानपणी कृष्णार्जुनाच्या रथाचे घोडे मोजायचास, मग गुपचुप खायला हट्ट करायचास. पुण्या-मुंबईची माणसं पाणीपुरी म्हणतात, आपल्याकडे ती गुपचुपच. आता ज्याच्या गाडीवर मी थांबते तो मालद्याचा आहे, पश्चिम बंगालचा. अकरा वर्षं भिलाईत आहे. मुलगा इथल्याच शाळेत चौथीत शिकतो आणि बापापेक्षा चांगली छत्तीसगढी बोलतो.

गेल्या ३ डिसेंबरला रायपूरला भारत आणि दक्षिण आफ्रिकेचा एकदिवसीय सामना झाला. आपल्या ऋतुराज गायकवाडने पहिलं एकदिवसीय शतक ठोकलं, कोहलीनेही शतक केलं, आणि ३५८ धावा करूनही आपण हरलो. दुसऱ्या दिवशी मी गुपचुपवाल्याला विचारलं, मुलाला नेलं होतंस का? पोराला कोहलीचं वेड, हे सगळ्या गाडीवाल्यांना माहीत आहे. तिकीटही मिळत होतं, गल्लीतल्या कुणाकडे एक जास्तीचं होतं. हा गेला नाही.

मी का म्हणून विचारलं. त्याने हात पुसले, गल्ल्याच्या डब्याखालून एक झिल्ली, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, काढली आणि माझ्यासमोर उघडली. आत आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, रेशन कार्डाची झेरॉक्स, गावच्या मतदार यादीतलं आईच्या नावाचं पान, आणि मुलाच्या शाळेची पावती. घड्यांवर कागद मऊ पडले होते. एका कोपऱ्याला चिंचेच्या पाण्याचा डाग होता. म्हणाला, "जहाँ पुलिस ज़्यादा, वहाँ हम नहीं जाते, मैडम. गलती से भी नहीं."

बघ, त्याच्याही झिल्लीतले सगळे कागद पक्के होते.

त्याची भीती हवेतून आलेली नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्याच छत्तीसगडात, कोंडागावला, नदिया जिल्ह्यातून आलेल्या ९ बांधकाम मजुरांना बांगलादेशी असल्याच्या संशयावरून धरून तुरुंगात टाकलं होतं. पुढे त्यांना सोडावं लागलं. त्याच्या महिनाभर आधी मुंबई परिसरातून उचललेल्या बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकललं गेलं. ते भारताचेच नागरिक निघाले, त्यांना परत आणावं लागलं. आणि डिसेंबरात, रायपूरच्या सामन्यानंतर दोन आठवड्यांनी, केरळमधल्या पालक्काड जिल्ह्यात जमावाने एका मजुराला "बांगलादेशी आहेस का?" असं विचारत मारून टाकलं. तो आपल्या सक्ती जिल्ह्याचा होता. छत्तीसगडचा. कामाच्या शोधात गेला होता.

आता तुझ्या गावाकडे येते.

गेल्या वर्षी १३ जुलैला, ज्या स्टेडियमचं तिकीट तुझ्या खिशात आहे त्याच मेटलाइफ स्टेडियमवर क्लब वर्ल्डकपचा अंतिम सामना होता. अमेरिकेत आश्रय मागणारा एक बाप आपल्या दोन मुलांना घेऊन तिथे गेला. सामन्याआधी बाहेर फोटो काढायला त्याने छोटं ड्रोन उडवलं. चूक होती, मान्य. दंड करून, समज देऊन सोडण्यासारखी चूक. पोलिसांनी त्याला धरलं आणि आइसच्या, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याच्या, ताब्यात दिलं. तीन महिने कोठडी आणि मग देशाबाहेर रवानगी. ह्यूमन राइट्स वॉचने हे प्रकरण जगापुढे मांडलं. त्या दोन मुलांना फायनलचा गोल आठवत असेल की बापाच्या हातातल्या बेड्या, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्याच स्पर्धेच्या सुरुवातीला अमेरिकेच्या सीमा सुरक्षा खात्याने सोशल मीडियावर जाहिरात केली होती की पहिल्या फेरीच्या सामन्यांना आपली माणसं तयारीनिशी हजर असतील. टीका झाली तेव्हा ती पोस्ट काढून टाकली. पोस्ट निघाली, पण भीती जायची ती घराघरांत गेलीच. आणि या फेब्रुवारीत आइसचे प्रभारी संचालक टॉड लायन्स यांनी अमेरिकी काँग्रेससमोर सांगितलं की वर्ल्डकपच्या सुरक्षेत त्यांच्या खात्याचा मोठा वाटा असेल. सामन्यांच्या परिसरात धरपकड करणार नाही एवढा शब्द द्या, असं न्यू जर्सीच्या प्रतिनिधी नेली पू यांनी विचारलं. तो शब्द त्यांनी दिला नाही.

तुझ्या त्या काकांनी हे ऐकलं असणार. त्यांनी तिकीट परत केलं ते या न दिलेल्या शब्दामुळे. त्यांचे कागद पक्के आहेत की कच्चे, हे तुला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की फुटबॉलचा सामना बघायला ते कुणालाच माहीत असायची गरज नाही.

तू म्हणशील, आत्या, देशाला आपले कायदे चालवायचा हक्क आहे की नाही? आहे. सीमा राखायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, परवानगीशिवाय राहणाऱ्यावर कारवाई करायचाही आहे. त्यासाठी कचेऱ्या आहेत, नोटिसा आहेत, न्यायाधीश आहेत. तिकिटाच्या रांगेत पोराला खांद्यावर घेऊन उभा असलेला माणूस हे त्याचं ठिकाण नव्हे. मैदानाच्या गेटवर पिशवी तपासा, चाकू-बंदूक शोधा, दारू प्यायलेल्याला बाजूला काढा. याला सुरक्षा म्हणतात, आणि ती कडक असलीच पाहिजे. पण "तू इथे राहतोस कसा?" हा प्रश्न सुरक्षेचा नाही. उलट तो सुरक्षेच्या मुळावर येतो. ऐंशी हजारांच्या गर्दीत खुर्चीखाली बेवारस पिशवी दिसली, कुणाचं लेकरू हरवलेलं दिसलं, तर सगळ्यांत जवळच्या वर्दीवाल्याकडे धावत गेलं पाहिजे. ज्याला त्या वर्दीचीच धास्ती आहे तो नजर चुकवून निघून जाईल. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. ज्या वर्गाला मास्तरणीची भीती असते त्या वर्गात चोरी झाली तर कुणी बोलत नाही, हे मला कुणी वेगळं सांगायला नको.

आणि तुझे कागद पक्के आहेत म्हणतोस, तर गेला सप्टेंबर आठव. दसऱ्याला येणार होतास. तुझ्या आईने अनारशांचं पीठ करून ठेवलं होतं. १९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी व्हिसा अर्जांवर १ लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा काढली. दोन दिवस कुणाला काही कळेना की ती कुणाला लागू आणि कुणाला नाही. सुट्टीवर आलेली मुलं विमानतळांकडे पळाली. तू तिकीट रद्द केलंस. त्या दिवशीही तुझे कागद पक्केच होते की. ते पक्के ठेवणारा हात तुझा नाही. एका सहीने पक्क्याचं कच्चं होतं, आणि काल ज्यांच्याकडे बोट दाखवून आपण "ते वेगळे, आपण वेगळे" म्हणत होतो त्यांच्याच रांगेत आपण उभे असतो. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना, त्यातल्या पुष्कळांना हातापायांत बेड्या घालून, अमृतसरला उतरवून गेलं. त्यात महाराष्ट्राचे ३ जण होते. त्यांनी नियम मोडला असेल. पण आईबापांनी टीव्हीवर पाहिल्या त्या बेड्या, गुन्हेगाराला घालतात तशा.

आपल्या घराला हे सगळं नवं असायला नको. आबा, म्हणजे तुझे आजोबा, भिलाईला आले १९५८ साली, वर्ध्याहून. दोन वर्षांआधीपर्यंत वर्धा आणि दुर्ग एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिला. आबा एका रेघेने परप्रांतीय झाले. पण भिलाईने त्यांना कधी तसं म्हटलं नाही. कसं म्हणणार, इथे सगळेच बाहेरचे! २ फेब्रुवारी १९५५ ला पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिली भट्टी सुरू केली, आणि मधल्या चार वर्षांत भाताच्या शेतांवर अख्खा देश येऊन राहिला. आपल्या क्वार्टरच्या एका बाजूला विजयवाड्याचे, दुसऱ्या बाजूला कोट्टायमचे, समोर फाळणीत घर गमावून आलेले बंगाली. रशियन इंजिनिअर दुभाष्यांना घेऊन फिरायचे. आबांना रशियन येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं, पण संध्याकाळी व्हॉलीबॉलचं जाळं लागलं की कुणालाच दुभाषी लागत नव्हता.

प्लांटच्या गेटवर मात्र गेटपास लागायचा. आबा आयुष्यभर बोरिया गेटने आत गेले. पासवर फोटो, टोकन नंबर, विभाग. घरी आल्यावर तो पास देवघराशेजारच्या खिळ्याला टांगायचा हा नियम होता, कारण विसरला तर दिवसाची हजेरी बुडायची. पण जयंती स्टेडियमवर सामना बघायला जाताना आबा तो पास मुद्दाम घरी ठेवून जायचे. मी एकदा विचारलं, आबा, पास विसरलात? म्हणाले, "तो भट्टीजवळ जायला लागतो, बाळ. भट्टी जाळते, म्हणून माणूस कोण हे बघावं लागतं. मैदानाला गेटपास नसतो." तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या वेळी फक्त ऐकलं. आज, तुझा मेसेज ऐकताना, ते वाक्य जसंच्या तसं आठवलं.

खेळाच्या नावाने माणसं हुडकायची ही पद्धत जुनी आहे, आणि ती कुठे जाते हेही जगाने पाहिलं आहे. आबांच्या तोंडी ध्यानचंद असायचे. १५ ऑगस्ट १९३६, बर्लिन, अंतिम सामना, जर्मनीवर ८–१. आपल्या शेजारचं राजनांदगाव म्हणजे हॉकीची नर्सरी, त्यामुळे दुर्गच्या बाजूला ही गोष्ट पोवाड्यासारखी सांगितली जाते. मीही वर्गात कितीदा सांगितली. पण त्याच बर्लिनमध्ये महिनाभर आधी काय झालं हे मला फार उशिरा कळलं. १६ जुलै १९३६ ला पोलिसांनी शहरातल्या सुमारे ६०० रोमा-सिंती माणसांना, बायकामुलांसकट, उचललं आणि शहराबाहेर मारझानला, सांडपाण्याच्या शेतांजवळच्या तळावर नेऊन ठेवलं. पाहुणे येणार होते, शहर स्वच्छ दिसायला हवं होतं. ऑलिंपिक संपलं, तळ तसाच राहिला. पुढे त्यातल्या अनेकांना आउशविट्झला पाठवलं गेलं. आमच्या ध्यानचंदांना याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. पण त्या सोनेरी दिवसाची गोष्ट आता मी पोरांना सांगते तेव्हा मारझानसकट सांगते.

अमेरिका म्हणजे जर्मनी, असं मला म्हणायचं नाही. तिथे न्यायालयं जागी आहेत, वर्तमानपत्रं बोलतात, लोक रस्त्यावर उतरतात. गेल्या वर्षी १९ जूनला लॉस एंजेलिसमध्ये धरपकड चालू असताना संघीय एजंट डॉजर स्टेडियमच्या पार्किंगमध्ये शिरायला आले, तेव्हा बेसबॉलच्या त्या क्लबने त्यांना आत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी झळ लागलेल्या कुटुंबांसाठी १० लाख डॉलर जाहीर केले. त्याच शहराजवळच्या सोफाय स्टेडियमवर वर्ल्डकपचे सामने आहेत. तिथे खाणंपिणं पुरवणाऱ्या कामगारांच्या युनियनने, युनाइट हिअर लोकल ११ ने, आइसला सामन्यांपासून लांब ठेवा अशी मागणी केली. हे फार नीट समजून घे. पॉपकॉर्न विकणारी, संडास धुणारी, गाड्या लावणारी, गवत कापणारी माणसं सामना बघायला येत नाहीत, ती सामना घडवतात. त्यांना भीती घालून स्पर्धा कुणाच्या जिवावर भरवणार? या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी इटलीत आइसची माणसं येणार म्हटल्यावर मिलानच्या रस्त्यांवर लोक उतरले, महापौर ज्युझेप्पे साला यांनी उघड सांगितलं की त्यांचं इथे स्वागत नाही. परक्या देशातल्या एका महापौराला जे बोलता आलं, ते फिफाच्या अध्यक्षांना बोलता येत नाही. गेल्या ५ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये सोडतीच्या समारंभात जियानी इन्फांटिनो यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना फिफाचा शांतता पुरस्कार दिला.

२०१८ मध्ये ही स्पर्धा मागताना याच ट्रम्प यांनी फिफाला पत्र लिहून आश्वासन दिलं होतं: सर्व देशांच्या पात्र खेळाडूंना, अधिकाऱ्यांना आणि प्रेक्षकांना भेदभावाविना प्रवेश मिळेल. त्या शब्दावर यजमानपद मिळालं. आता हैती १९७४ नंतर पहिल्यांदाच वर्ल्डकपला पोचलंय. देशात एवढी हिंसा की घरचे सामनेसुद्धा परदेशात खेळून पोचलंय. खेळाडूंना प्रवेश आहे. हैतीतल्या प्रेक्षकांना बंदी आहे. इराणचं तेच. पाहुण्यांना बोलवायचं, नवरदेवाला मांडवात घ्यायचं आणि वऱ्हाडाला वेशीवर थांबवायचं, असं लग्न मी पाहिलेलं नाही.

आपण तरी वेगळे आहोत का, हेही विचारायला हवं. २०२३ चा क्रिकेट वर्ल्डकप आपल्याकडे होता. पाकिस्तानच्या संघाला निघायच्या अगदी तोंडावर व्हिसा मिळाला, आणि त्यांचे प्रेक्षक जवळजवळ आलेच नाहीत. एक लाखाच्या वर माणसं बसतील अशा अहमदाबादच्या स्टेडियमवर भारत-पाकिस्तान सामना झाला आणि समोरच्या संघासाठी टाळी वाजवणारा हात शोधून सापडला नाही. जानेवारी २०२४ मध्ये इंग्लंडच्या शोएब बशीरला, इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मुलाला, आईवडील मूळ पाकिस्तानी म्हणून व्हिसा एवढा उशिरा मिळाला की हैदराबादची कसोटी त्याच्याविना सुरू झाली. मला तेव्हाही ते बरं वाटलं नव्हतं. पण मी बोलले नाही, आणि आज ते कबूल करते.

आता तर प्रश्न थेट आपल्या अंगणात आला आहे. २६ नोव्हेंबर २०२५ ला २०३० चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला मिळाले. मलाही आनंद झाला. पण २०१० च्या दिल्लीच्या खेळांच्या वेळी काय झालं ते मी विसरलेले नाही. छत्तीसगड, बुंदेलखंड, बिहारच्या मजुरांनी ती मैदानं, ते पूल बांधले आणि खेळ जवळ आले तसं भिकाऱ्यांना, फेरीवाल्यांना, झोपड्यांना शहरातून हटवलं. जे हटवता आलं नाही ते पडद्यांआड झाकलं. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प मोटेराच्या स्टेडियमवर येणार म्हणून अहमदाबादेत विमानतळाच्या रस्त्याकडेला झोपडपट्टीपुढे भिंत उभी राहिली. आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच शहरात शेकडो माणसांना एका रात्रीत उचलून दोराच्या कड्यात घालून रस्त्याने चालवत नेलं, बांगलादेशी म्हणून. त्यात भारतीय नागरिकही होते. मग चांडोळा तलावाकाठी हजारो घरांवर बुलडोझर चालले. २०३० मध्ये जग अहमदाबादला येईल तेव्हा त्या गेटवर माझ्या गुपचुपवाल्याला काय विचारलं जाईल? तिकीट की झिल्ली?

तुला जून २०२४ आठवतो? ६ तारखेला डॅलसजवळ अमेरिकेच्या क्रिकेट संघाने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. चेंडू होता मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरच्या हातात, ओरॅकलमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी मुलाच्या. सहा दिवसांनी न्यूयॉर्कजवळ नासाऊ काउंटीत त्याने कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं, मग रोहितलाही. आपण भारताकडून होतो, तरी इथे सिविक सेंटरमध्ये मराठी माणसांनी पेढे वाटले. तू रात्री फोन करून ओरडत होतास, "आपला पोरगा!" तो संघ बघ: कर्णधार आणंदचा, फिरकी गोलंदाज मुंबईचा, कुणी कॅनडाहून आलेला, कुणी न्यूझीलंडहून. स्थलांतर काढून घेतलं तर त्या संघात काय उरेल? खेळात हे नवं नाही. आपल्या जबलपूरहून गेलेले पिअर्स बंधू, पाचही जण, ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळले. आणि जिथे आपण नेत्रावळकरसाठी नाचलो त्या नासाऊ काउंटीने आठ महिन्यांत, फेब्रुवारी २०२५ मध्ये, आइसशी हातमिळवणी करून आपले १० डिटेक्टिव्ह त्या कामाला दिले. ज्या गर्दीने टाळ्या वाजवल्या त्या गर्दीतलीच माणसं आता हुडकायची.

मैदान ही जगातल्या फार थोड्या जागांपैकी एक आहे, सोनू, जिथे माणूस दुसऱ्या देशाचा झेंडा घेऊन उघडपणे ओरडू शकतो आणि शेजारचा त्याला पाणी देतो. तिथे तुझे इक्वाडोरचे काका वर्षातून एकदा बिल्डिंगच्या किल्ल्या खाली ठेवून, पिवळा सदरा घालून, आपल्या भाषेत गाणार होते. पकडले गेले नाहीत, कुणी हातही लावला नाही, तरी त्यांचं ते गाणं गेलंच. रायपूरला न गेलेल्या पोराचा कोहली गेला तसंच. धरपकडीचे आकडे मोजणारे हे कधीच मोजणार नाहीत.

म्हणून तीन गोष्टी सांगते, आणि मोठी आहे म्हणून सांगते. पासपोर्ट, आय-९४ ची प्रत जवळ ठेव. तो तिथला कायदा आहे आणि तुला काही झालं तर तुझी आई जगणार नाही. काकांना आग्रह करू नकोस, "काही होत नाही हो" तर मुळीच म्हणू नकोस. ते यायला तयार असतील तर या म्हण, नसतील तर २५ तारखेला तू त्यांच्या खोलीवर जा आणि टीव्हीसमोर त्यांच्याशेजारी बस, मग ते तिकीट वाया गेलं तरी चालेल. आणि तुमच्या मराठी मंडळात हा विषय काढ. गणपतीच्या वर्गणीला दोनशे घरं गोळा होतात, मग आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधीला एक पत्र लिहायला वीस तरी होतील. त्यात एवढंच लिहा की स्टेडियमच्या गेटवर तिकीट तपासा, पिशवी तपासा, इमिग्रेशनचे कागद नका तपासू.

इथे मी तेच करणार आहे. आम्ही सात-आठ निवृत्त शिक्षक रोज संध्याकाळी या बाकांवर बसतो. २०३० च्या आयोजकांनी आतापासून लेखी द्यावं की मैदानात येणाऱ्याला नागरिकत्व विचारलं जाणार नाही आणि मैदान बांधणाऱ्या मजुराला खेळाच्या तोंडावर शहराबाहेर काढलं जाणार नाही, असा अर्ज लिहायला घेतला आहे. हिंदीत आणि इंग्रजीत जाईल. मराठी मसुदा तुला पाठवते, चुका काढ.

आईला रोज फोन करत जा. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आत्या

ता. क. पत्र लिहीत होते तेवढ्यात गुपचुपवाल्याचा मुलगा बाकापाशी आला. अहमदाबाद किती लांब आहे, विचारत होता. मी सांगितलं, दुर्गहून थेट गाडी आहे, हावडा–अहमदाबाद एक्सप्रेस. ती बंगालहूनच येते.